पणजीत गोड खायला कुठे जावं? (मिरामारला मुक्काम, अंडं न खाणाऱ्या सासूबाई सोबत)

खारी_बिस्कीट

नमस्कार मंडळी, ख्रिसमसच्या आधीच्या आठवड्यात पणजीला चाललोय, मिरामारला हॉटेल बुक केलंय, मी, नवरा, दोन कार्टी (एक नववीत, एक तिसरीत) आणि सासूबाई. गोवा आधी झालंय, मंगेशी-शांतादुर्गा झालंय, किल्ले झालेत, बीचवर पोरं लोळतीलच, त्यामुळे ह्यावेळी मी जाहीर करून टाकलंय की रोज एक तरी बेकरी. यूट्यूबवर शोधलं तर जो उठतो तो 'लपलेलं ठिकाण' म्हणत त्याच दोन दुकानांसमोर उभा, आणि सगळ्यांना सगळंच अप्रतिम. मला अप्रतिम नकोय हो, काय घ्यायचं, किती वाजता जायचं आणि काय अजिबात घ्यायचं नाही ते सांगा.

आता खरी अडचण. सासूबाई अंडं खात नाहीत पण बेकरीत यायची हौस दांडगी. मागे महाबळेश्वरला आम्ही सगळे पेस्ट्री हाणत होतो आणि त्यांच्यापुढे नुसतं पाणी, ते मी अजून ऐकून घेतेय. तर त्यांच्यासाठी पण काहीतरी हवंय, आणि 'बिस्किटं खा ना आई' हे उत्तर घरात चालणार नाही.

शनिवारपेठी

दुपारी एक ते साधारण साडेतीन-चार कुठेही तडफडू नका, पणजी झोपलेली असते. आम्हा पुणेकरांना हे वेगळं सांगावं लागत नाही, आमचं ट्रेनिंग घरीच झालेलं असतं. रविवारी तर विसराच, जुनी दुकानं बरीचशी बंद.

आणि धाग्यावर जाणकार येतीलच तर माझाही एक प्रश्न घ्या. बेबिंका (तो गोव्याचा थरांचा केक) खरंच एवढी भारी असते का? ऑफिसात वर्षातून चारदा तरी कोणीतरी गोव्याहून तो चौकोनी बॉक्स आणतं, मी दरवेळी आशेने एक तुकडा घेतो आणि दरवेळी तेच, गोड रबर. लोक भावनेपोटी छान म्हणतात असा माझा संशय आहे.

मांडवीकाठ

पणजीचाच आहे, त्यामुळे बोललंच पाहिजे. खारीताई, मिरामारला आहात म्हणजे एक काम सोपं झालं. तिथून दोना पावलाच्या रस्त्याला लागलात की करंझाळे, तिथे पादारिया प्राझेरिश म्हणून बेकरी आहे, पोर्तुगीज पद्धतीचे नाता (म्हणजे पापुद्र्यांच्या वाटीत कस्टर्ड, वरून काळे डाग पडलेलं) खायचे तर तिथे. सकाळी चालत जा, कोमट असतानाच खा, घरी नेऊन खाऊ म्हणाल तर मग त्यात राम नाही.

दुसरा दिवस फोंताइन्हासला (पणजीतली जुन्या पोर्तुगीज घरांची वस्ती) ठेवा. कॉन्फितारिया ३१ द जानेरो तिथेच आहे, ३१ जानेवारीच्याच रस्त्यावर, दुकान एवढंसं, बाहेरून चुकून पुढे निघून जाल. बेबिंका, दोदोल, बोलिन्यास (रवा-नारळाची बिस्किटं), केक सगळं काचेत मांडलेलं असतं. साडेनऊ-दहाला जा. अकरानंतर तिथे लाल-निळ्या भिंतींसमोर फोटो काढणाऱ्यांची जत्रा भरते आणि मग तुमची रिक्षासुद्धा आत शिरत नाही. एक विनंती करतो, रागावू नका, त्या भिंती म्हणजे लोकांची घरं आहेत, कोणाच्या पायऱ्यांवर बसून पोज देऊ नका. तिथल्या लोकांनी वैतागून पाट्या लावल्यात तरी दारात ड्रेस बदलणारे असतातच.

तिसरं मिस्टर बेकर १९२२, म्युनिसिपल गार्डनसमोर, मोठ्या चर्चपासून दोन मिनिटं. चर्चचं फेस्त (सण) ८ डिसेंबरला असतं, त्याची फेरी (म्हणजे जत्रा) पुढे काही दिवस रेंगाळते, नशिबात असेल तर खाज्याची दुकानं अजून सापडतील.

बाकी डिसेंबर निवडलात ते उत्तम केलंत. नाताळचा कुस्वार (फराळाचं ताट म्हणा ना) ह्याच दिवसांत तयार होतो, एरवी मागावं लागतं ते सगळं समोर दिसतं. आमच्या शेजारच्या घरातून दर नाताळला आमच्याकडे ताट येतं, चवथीला आमच्या नेवऱ्या (करंज्या) त्यांच्याकडे जातात, आणि शेजारच्या आंटीला माझ्या आईला अंडं चालत नाही हे पाठ आहे, त्यामुळे ताटात एक कोपरा वेगळा असतो. सासूबाईंचा कोपरा काय ते साष्टीवाले (मडगांवकडचे) लोक येऊन सांगतीलच, मला भूक लागली.

ओव्हनवाली

@शनिवारपेठी, रबर का लागतं ते सांगते. नाशकात केक-बिकच्या ऑर्डरी घेते, बेबिंकाच्या मागे बरीच लागले होते, शेवटी बार्देशात एका ओळखीच्या काकूंच्या स्वयंपाकघरात बसून बघितली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

सामान साधंच. नारळाचं घट्ट दूध, साखर, अंड्याचे पिवळे बलक (एका मध्यम बेबिंकाला दहा-बारा तरी, काही घरांत त्याहून जास्त), थोडासा मैदा, जायफळ आणि तूप. तूप भरपूर, भरपूर म्हणजे तुम्ही मनात धरलंय त्याच्या दुप्पट. पण सगळी गंमत आचेत आहे. भांड्यात तूप घालून पहिला थर ओतायचा आणि वर पत्र्याचं झाकण ठेवून त्या झाकणावर नारळाच्या सोडणाचे निखारे. म्हणजे आच वरून! थर वरून तांबूस झाला की त्यावर चमचाभर तूप, मग पुढचा थर, परत झाकण, परत निखारे. खालून आच दिली तर पुढचे थर होईपर्यंत पहिला करपून कोळसा होईल, म्हणून हा उपद्व्याप. पारंपरिक सात थर, हौशी लोक सोळापर्यंत जातात. काकू दर वेळी झाकण चिमट्याने उचलून निखारे न सांडता बाजूला धरायच्या आणि नुसत्या वासावरून सांगायच्या, अजून नाही, आता झालं. सकाळी बसल्या त्या जेवणं झाली, भांडी झाली तरी तिथेच.

तर कापल्यावर ज्या तपकिरी रेघा दिसतात तो प्रत्येक थराचा भाजलेला माथा असतो. आता स्वस्तातला माल कसा करतात, बलक कमी, मैदा जास्त, तुपाऐवजी वनस्पती, आणि रेघा दिसाव्यात म्हणून एकाआड एक थरात करपवलेली साखर नाहीतर रंग. मैदा वाढला की झालं तुमचं रबर. बॉक्स उलटा करून घटक वाचा. नारळाचं दूध, अंडं, तूप ही नावं वर हवीत. पामतेल किंवा मार्जरीन दिसलं की परत ठेवा.

आणि आणखी एक, बेबिंका गार खाऊ नका. तुकडा तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये जरा कोमट करा, तूप सुटलं पाहिजे आणि काट्याने थर अलगद वेगळे झाले पाहिजेत. होत नसतील तर तुमचा संशय रास्त आहे. ऑफिसात फ्रीजमधून काढून थेट सुरीने कापता ना? मग काय होणार.

शनिवारपेठी

फ्रीजमधूनच. आणि सुरी पण नाही, स्टीलची पट्टी. मुद्दा मान्य, चवीबद्दल निकाल राखून ठेवतो.

साष्टीकार

मडगांवहून लिहितो. मांडवीकाठने माझं नाव घेतलं म्हणजे आता सुटका नाही.

सासूबाईंचं आधी. अंड्याशिवायचं गोड गोव्यात एवढं आहे की तुमच्यापेक्षा त्यांचीच चंगळ होईल. दोदोल घ्या, तांदळाचं पीठ, माडाचा काळा गूळ, नारळाचं दूध, बस. तांब्याच्या मोठ्या भांड्यात तासन्‌तास ढवळत राहायचं, हात थांबला की खाली लागलं. काजूचे तुकडे घालतात वर. दिसायला काळंकुट्ट, तुकतुकीत, मुलं पहिल्यांदा नाक मुरडतील. चण्याचा दोस, म्हणजे चण्याची डाळ, नारळ, साखर, तुपात आटवून वड्या, ह्यात पण अंडं नाही. पिनाग म्हणजे भाजलेल्या तांदळाचं पीठ, गूळ, खोबरं ह्याची बोटभर लांब वळकुटी. पेराद म्हणजे पेरूची वडी, ती तर मुलं डबा संपवतील. कोकाद, खोबऱ्याची वडीच पण रवा घालून. नाताळात नेवऱ्या.

काय घ्यायचं नाही: बेबिंका, बोलिन्यास, बातिका (रवा-नारळाचा केक), तिन्हीत अंडं असतं. कलकल, ज्याला आम्ही किडयो म्हणतो, ते घराघरावर आहे, काही पिठात अंडं फोडतात काही नाही, विचारल्याशिवाय देऊ नका. आणि बेकरीत पॅटीस, क्रोकेट घेताना आधी विचारा आत काय आहे, आमच्याकडे बीफ, चिकन, मशरूम सगळी बाहेरून एकसारखीच दिसतात. काउंटरवाल्याला विचारलेलं वाईट वाटत नाही, न विचारता खाऊन मग आरडाओरडा करणाऱ्याचं वाटतं.

आता माझं वेगळं मत. बेकरीत गोड घ्या, हरकत नाही, पण बेबिंका आणि दोदोल हे मुळात बेकरीचे पदार्थच नव्हेत, घरचे. बेकरी म्हणजे पाव. ज्या बायका घरी करतात त्या म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात, मडगांवच्या बाजारात आणून विकतात, कागदात गुंडाळून. तुमचा शुक्रवार पणजीत असेल तर सकाळी उठून म्हापशाला जा. काचेतली बेबिंका आणि कागदातली बेबिंका ह्यात फरक पडतो. पडतोच.

पोरं एक्लेअरवाली असतील तर लोटलीला जीला बेकरी, घरातच आहे, दिवाणखान्यातून आत गेल्यासारखं वाटतं. १९७२ पासून चालू आहे. पण पणजीहून लांब, तास धरा, आणि सकाळी जा, माल संपला की संपला.

कुडाळचो_झील

सगळा वाचलंय. गोंयकारांनी खाज्याक जीआय (भौगोलिक मानांकन) घेतल्यानी, बेबिंकाक २०२३ मध्ये घेतल्यानी, मानकुराद आंब्याकव घेतल्यानी. आता समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याक तेवडा घेवचा रवला. मालवणच्या खाज्यात काय कमी आसा ता कोणीतरी माका सांगा. बेसनाची काडी, गुळाचो पाक, आला, तीळ. जत्रेत उबाउबा तोंडात टाकलंस की दात चिकटतत. ताई, परत जाताना मालवणाक या, सासूबायक घेवन या.

मांडवीकाठ

झील, खाजं तुमचंही आणि आमचंही, भांडण फक्त कागदावर आहे. पण साष्टीकाराच्या बाजारवाल्या मुद्द्यावर माझी हरकत. लहान मुलं आणि सासूबाई घेऊन शुक्रवारी म्हापशाच्या गर्दीत घुसायचं आणि कोणती बाई चांगली करते ते ओळखायचं, हे गोंयकाराला जमतं, पाहुण्याला नाही. त्याच बाजारात बाहेरून आणलेला पॅकेटचा माल 'घरचा आहे' म्हणून खपवणारेही बसलेत. पाहुण्याने नाव असलेल्या दुकानातून घ्यावं, निदान गेल्या वेळसारखंच मिळतं.

साष्टीकार

निदान गेल्या वेळसारखंच, हाच तर प्रॉब्लेम आहे. :) बाजारात बाईला सांगा, बाय, एक तुकडो दी चाखूंक. खरी करणारी देते. पॅकेटवाला देत नाही. झाली परीक्षा.

टागुसकाठची

लिस्बनहून वाचतेय आणि घरी लिंबूपण नाहीये अशा वेळी हा धागा सापडावा म्हणजे छळ आहे. नाताबद्दल लिहिते, तेवढंच माझ्या हद्दीतलं.

इथलं सगळ्यात प्रसिद्ध दुकान बेलेंचं, जेरोनिमुश मठाच्या शेजारी. १८३४ मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद केले, पोट चालवायला मठाची पाककृती बाहेर विकायला आली आणि १८३७ पासून ते दुकान चालू आहे. कृती अजून गुप्त. मठांत बलकाचे पदार्थ इतके का, तर म्हणे पांढरं कपड्यांना खळ द्यायला जायचं आणि बलक उरायचे, गोव्यात बेबिंकाची गोष्ट पण तशीच सांगतात ना, सांता मोनिकाच्या मठातली बेबियाना नावाची जोगीण वगैरे? गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे, त्यामुळे खरी किती कोण जाणे.

पण कामाचं सांगते. नाता हा इथे खास सणाचा पदार्थ नाही, ऑफिसला जाता जाता काउंटरला टेकून कॉफीसोबत दोन घासांत संपवायचा प्रकार. वरून दालचिनीची पूड, हवी तर पिठीसाखर. चांगल्याची खूण म्हणजे बुडाकडे पापुद्र्यांची गोल चकली दिसते आणि चावल्यावर आवाज येतो. वरचे काळे डाग म्हणजे करपलं नव्हे, भट्टी खूप तापलेली असली तरच ते येतात. पिवळाधमक, एकही डाग नसलेला नाता दिसला तर तो कस्टर्ड टार्ट आहे, नाव काहीही लिहिलेलं असो.

साष्टीकार

बरोबर. आणि एक नम्रपणे जोडतो, आमच्या लहानपणी घरात नाता कोणी केला नाही की आणला नाही. ही आत्ताची फॅशन, चांगली आहे, मी पण खातो, पण 'पारंपरिक गोवन' म्हणून व्हिडिओ करू नका. आमचं पारंपरिक म्हणजे बदाम नाही मिळाला तर काजू घातला, दूध-लोण्याची ददात म्हणून नारळ घातला. इथला मासपांव (मार्झिपान) काजूचा, तिकडचा बदामाचा. लग्नात बोल वाटतात, गूळ-खोबरं-गव्हाचा जाड गोल, तो मिळाला कुठे तर खा, बेकरीत सहसा नसतो, कोणाचं तरी लग्न गाठावं लागतं.

निव्वळ_वाचक

पहिल्यांदाच लिहितोय. गोड गोड चाललंय पण पावाबद्दल कोणी बोलेना. सकाळी सहा-सातला सायकलवर पदेर (पाववाला) येतो, पों पों हॉर्न वाजवत, मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली टोपली. संध्याकाळी परत एक फेरी. हॉटेलच्या बुफेत ब्रेड-बटर चावत बसण्यापेक्षा खाली उतरून त्याच्याकडून पोई घ्या, कोंडा लावलेली, आतून पोकळ, गरम असताना फोडली की वाफ निघते. उंडो, कातरे पाव, आणि काकण म्हणजे कडक बांगडी, चहात बुडवायला. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर घालायचे, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट, कारण माडावर चढणारे रेंदेरच कमी झाले. गरम पोईत लोणी आणि साखर भुरभुरून खाऊन बघा, तुमच्या सगळ्या केकांना भारी.

खारी_बिस्कीट

अरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी!! प्रिंट काढून घेतेय. सासूबाईंना वाचून दाखवलं, दोदोलपाशी डोळे चमकले पण आता नवीन शंका, 'सूर म्हणजे माडी ना गं, मग तो पाव मला चालतो का?' काय उत्तर देऊ?

मांडवीकाठ

सांगा, भट्टीत गेल्यावर जवळजवळ सगळं उडून जातं, आणि तसंही आता यीस्टच आहे. माझ्या आजीने सोवळ्यातून ह्याच पावावर आयुष्य काढलं, घरात येताना फक्त मागल्या दाराने यायचा.

खारी_बिस्कीट

आलो परत. सामान अजून उघडायचंय पण आधी इथे लिहिते नाहीतर राहून जाईल.

करंझाळ्याला पहिल्याच सकाळी गेलो, बीचवरून चप्पल हातात घेऊन, पायाला वाळू तशीच. नाता भट्टीतून नुकताच आलेला, धाकट्याने पहिला घास घेतला आणि जीभ भाजली म्हणून ओरडला आणि ओरडत ओरडत दुसरा घास घेतला. टागुसकाठची, आवाज येतो म्हणालात तो आला, कर्रकन. डाग पण होते. थोरलीने चार खाल्ले आणि मग दालचिनीने घसा सुकला म्हणून माझी कॉफी संपवली.

फोंताइन्हासला दहाच्या आत पोचलो, मांडवीकाठ तुमचे आभार, गल्लीत आम्ही आणि एक मांजर. दुकानात सासूबाई सगळ्यांच्या पुढे. काचेवर बोट ठेवून सुरू, 'ह्यात अंडं?' 'आसा.' 'ह्यात?' 'आसा.' 'आणि हे काळं?' 'ना ना, दोदोल, अंडं ना, खा तुमी.' असं करत करत त्यांनी सगळं काचेचं कपाट पालथं घातलं, मागे रांग लागली होती, मी मान खाली. पण काउंटरवरच्या बाई हसत होत्या, वर दोदोलचा एक तुकडा चाखायला पण दिला. सासूबाईंनी तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, 'अगं, ही तर आपली काळ्या गुळाची खांडवी, फक्त रडवून रडवून आटवलेली.' आणि मग अर्धा किलो घेतलं, चण्याचा दोस घेतला, पेराद घेतलं, आम्हा बाकीच्यांना बेबिंका एक तुकडा, हिशोब त्यांनीच केला. महाबळेश्वरचं उट्टं निघालं एकदाचं.

बेबिंकाबद्दल. दुकानात कोमट करून दिली नाही, तशीच कागदात घेऊन आलो आणि हॉटेलच्या किचनमधल्या मुलाला मस्का मारून तव्यावर ठेवून घेतली. ओव्हनवाली, काट्याने थर सुटले, एक एक करून सोलून खाल्ले आम्ही. मजा काय आहे माहितीये, खालचा थर वरच्यापेक्षा जास्त गोड आणि चिवट लागतो, तोच थर पण तूप पीत बसलेला असतो ना. नवऱ्याचं म्हणणं जड आहे, दोन घासांवर जात नाही. ते खरंय. हा पदार्थ पोटभर खायचा नाहीच.

आता साष्टीकार दादा. शुक्रवार पणजीतच पडला आणि मी हट्टाने म्हापशाला गेलेच, सासूबाई आणि पोरांना हॉटेलवर ठेवून. गर्दी म्हणजे गर्दी. पहिल्या ठिकाणी 'चाखूंक दी' म्हटल्यावर तो माणूस म्हणाला पॅकेट फुटेल. पुढे सरकले. माशांच्या बाजूने वळून आत एक आजीबाई, पुढ्यात केळीच्या पानावर पिनाग आणि वर्तमानपत्रात बेबिंका, मी तोंड उघडायच्या आधीच सुरीच्या टोकावर तुकडा पुढे. जायफळाचा वास आधी आला आणि मग तूप. सांगते, काचेतली चांगली होती, ही वेगळी होती. माथे जरा जास्तच भाजलेले, कडवटपणाकडे झुकणारे, त्यामुळे साखर बोचत नव्हती. मांडवीकाठ, तुमचं पण पटलं, मुलं सोबत असती तर मी तिथपर्यंत पोचलेच नसते.

लोटली झालं नाही. थोरलीने एक्लेअरसाठी रुसून दाखवलं.

एक सावधगिरी सगळ्यांना, बीचजवळ एका दुकानात 'होममेड' लिहिलेला बॉक्स होता, उलटा केला, दुसरंच नाव पामतेल. परत ठेवला.

ओव्हनवाली

वा! माथे जास्त भाजलेले आणि कडवटपणाकडे, हेच हेच. हे यंत्राच्या भट्टीत कोणी धाडस करत नाही, माल परत येईल म्हणून. घरी करायची असेल तर ओव्हनचा फक्त वरचा ग्रिल लावा, खालची कॉइल बंद, आणि प्रत्येक थर झाल्यावर दार उघडून तूप. पहिल्यांदा पाचच थर करा, कमरेसाठी.

शनिवारपेठी

मी ऑफिसातला बॉक्स घरी नेऊन तव्यावर ठेवला. घटकांत मार्जरीन. सुधारणा: आता गरम रबर. पण निदान दोष कोणाचा ते कळलं. खारीताई, म्हापशाची आजी पार्सल करते का?

खारी_बिस्कीट

तिच्याकडे फोन पण नव्हता हो. तुम्हीच जा शुक्रवारी.

सह्याद्री_एक्स्प्रेस

धागा वर काढतोय. आम्ही मे महिन्यात चाललोय, गाडीने, करमळीला उतरणार. उन्हाळ्यात हे सगळं मिळतं का? आणि परतीच्या प्रवासात टिकतं का?

मांडवीकाठ

बेबिंका, दोदोल, बोलिन्यास बारा महिने मिळतात. कुस्वार मात्र नाताळातच, तेव्हा नेवऱ्या-किडयो शोधू नका. टिकण्याचं म्हणाल तर बोलिन्यास डब्यात आठवडे राहतात, दोदोल आणि बेबिंकात एवढी साखर-तूप आहे की प्रवासात काही होत नाही, घरी पोचल्यावर फ्रीजमध्ये टाका. फक्त मेमध्ये गाडीत खिडकीच्या उन्हात ठेवू नका, तूप कागदातून सुटतं आणि मग बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना तोच वास. नाता नेऊच नका.

आणि मे म्हटल्यावर मानकुराद. तेव्हा बेकरीत मांगाड मागा, पिकल्या आंब्याचा घट्ट मुरांबा, घरोघरी करतात, काही दुकानांत बाटलीत मिळतो. पदेराकडून उंडो घ्यायचा, त्याला आडवा कापायचा आणि मांगाड चोपडायचा. अंड्याचा प्रश्नच नाही, खारीताईंच्या सासूबाईंना पण सांगा.

खारी_बिस्कीट

सांगितलं. मे महिन्यात सुट्टी टाक म्हणतायत.